पॉलिशनंतर खाचांत राहणारा काळा मळ

प्रश्न : मी नाशिकला पंचवटीत राहते आणि गेली दोन वर्षे घरीच चांदीचे दागिने घडवते. तारेची नक्षी, रवे आणि लहान घुंगरे लावलेली कर्णफुले हे माझे मुख्य काम आहे. मोटरवरच्या बफने, म्हणजे फिरत्या कापडी चाकाने, पॉलिश केल्यावर दागिना चकाकतो, परंतु खाचांत आणि रव्यांच्या मुळाशी काळपट-लालसर मळ अडकून राहतो. गार पाण्यात साबणाने घासून तो निघत नाही. लिंबू आणि टूथपेस्टही वापरून पाहिली. नंतर खाचांना गंधकाचा काळा रंग दिला, तर तो कुठे चढतो, कुठे चढत नाही. काही दागिन्यांत मोती आणि पोवळीही असतात. काय करावे?

उत्तर : आपल्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. तो मळ चांदीचा नसून पॉलिशच्या वडीचा आहे. बफला लावायची वडी म्हणजे मेण किंवा चरबीसारख्या स्निग्ध पदार्थात कालवलेली अतिशय बारीक पूड असते; शेवटची चकाकी आणणाऱ्या तांबड्या रूज या वडीत ती लोहाच्या ऑक्साइडची, तर त्याआधी वापरायच्या ट्रिपोली या वडीत सिलिकायुक्त दगडाची. घर्षणाच्या उष्णतेने वडी मऊ होते, तिच्यात चांदीचे कण मिसळून ती काळी पडते आणि खाचेत शिरून थंड झाली की घट्ट बसते. त्यामुळे गार पाण्याला ती दाद देत नाही आणि लिंबाच्या आम्लाने स्निग्धपणा सुटत नाही. टूथपेस्टने तर तोटाच होतो, कारण रूजने आणलेल्या आरशासारख्या चकाकीवर तिच्यातील कणांचे बारीक ओरखडे उमटतात.

उपाय साधा आहे, पण तो बफवरून उतरल्याबरोबर करायला हवा. रात्रभर ठेवलेला मळ दुप्पट मेहनत मागतो. साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअस तापमानाच्या, म्हणजे हात बुडवून ठेवता येणार नाही इतक्या गरम पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे काही थेंब घालून दागिना दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावा आणि मग लहान मुलांच्या मऊ दातब्रशने खाचेच्या दिशेने घासावा. पाणी काळे झाले की ते बदलावे, कारण सुटलेला मळ त्याच पाण्यातून पुन्हा दागिन्यावर बसतो. एवढ्याने भागले नाही तर पाण्यात थोडा अमोनिया घालता येतो. मात्र खिडकी उघडी ठेवावी आणि ब्लीचशी त्याचा संबंध कधीही येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. ट्रिपोलीनंतर रूज वापरत असाल, तर दोहोंच्या मध्येही ही धुलाई करावी आणि बफ वेगळे ठेवावेत. ट्रिपोलीचे जाड कण रूजच्या बफवर गेले की तो बफ चकाकी देण्याऐवजी चरे देऊ लागतो.

आपल्याकडील सोनारांची रिठ्याचे पाणी आणि पितळी तारेचा ब्रश ही जुनी जोडी मलाही आवडते, आणि रिठ्याचा फेस स्निग्धपणा चांगला काढतो. परंतु तारेच्या ब्रशने पृष्ठभागाला मऊसर, रेशमी झळाळी येते, आरशाची चकाकी राहत नाही. रिठे जरूर वापरा, ब्रश मात्र मऊच घ्या. काम वाढले तर पाण्यात सूक्ष्म ध्वनिकंपने निर्माण करून मळ सुटा करणारे अल्ट्रासॉनिक यंत्र उपयोगी पडेल. त्यात दागिना तळाला टेकू न देता जाळीत किंवा तारेवर टांगून ठेवावा.

शेवटी स्वच्छ पाण्याने खळखळून धुवावे. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल, तर अखेरची बुडी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये द्यावी, म्हणजे वाळल्यावर पांढरे ठिपके उरत नाहीत. घुंगरांच्या पोटात पाणी साचते. ती झटकून कोमट, कोरड्या लाकडी भुशात काही वेळ पुरून ठेवावीत. स्वच्छतेची परीक्षा पाण्यानेच होते: पाण्याचा पातळ पडदा सर्वत्र सारखा पसरला तर स्निग्धपणा गेला, थेंब थेंब होऊन फाटला तर तो शिल्लक आहे. फडके काळे होते की नाही यावर विसंबू नका. चांदी चोळली की ते तसेही काळे होते.

मोती आणि पोवळी मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटची असतात. त्यांना लिंबू लागले असेल, तर त्यांचे तेज उणावले आहे का ते पाहून घ्या. गरम पाणी, अमोनिया आणि अल्ट्रासॉनिक यंत्र या तिन्हींपासून ती दूर ठेवावीत. शक्य तिथे आधी पॉलिश व धुलाई आणि मग जडण, असाच क्रम ठेवावा. आधीच जडलेला दागिना कोमट साबणपाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसून लगेच कोरडा करावा.

काळा रंग स्निग्ध जागी चढत नाही, म्हणून तो देण्यापूर्वी वरील पाण्याची परीक्षा घ्यावी आणि त्यानंतर धातूला बोट लावू नये. आधीच चट्टे पडलेले दागिने, मोती-पोवळी नसतील तर, अॅल्युमिनियमच्या फॉइलवर टेकवून खाण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्यात ठेवावेत. गंधकाचा काळा थर उतरतो. मग गरम साबणपाण्याने धुऊन रंग पुन्हा द्यावा आणि उंचवटे हलक्या हाताने उजळावेत.