‘गाडी हे चालवतातच’

ताई, मी ५८ वर्षांची. डोंबिवलीत लग्न होऊन आले त्याला ३४ वर्षं झाली. ३१ वर्षं लोकलने व्हीटी गाठून सरकारी नोकरी केली, यंदा निवृत्त झाले. हे ६३ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. दोघांनाही इथली गर्दी आता नकोशी झालीय. फ्लॅट विकून लहान गावात जायचं ठरलंय. ह्यांनी सातारा, नाशिक, कोल्हापूर, रत्नागिरी आणि दापोली यांचं मोठं कोष्टक केलंय. जमिनीचा भाव, पाणी, पाऊस, हॉस्पिटल, पुण्याला असलेल्या मुलापासूनचं अंतर, असे चौदा रकाने आहेत. सर्वांत जास्त गुण साताऱ्याला मिळाले. तिथे यवतेश्वरचा घाट चढून गेल्यावर एक घर पाहून आलो. गावापासून आठ-नऊ किलोमीटर, समोर दरी, हवा तर विचारू नका. मला गाडी चालवता येत नाही, पण गाडी हे चालवतातच, त्यामुळे तो प्रश्न नाही. (मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही समोरच्या दिव्यांचा त्रास होतो म्हणून अंधार पडल्यावर टाळतात, इतकंच.) इथे माझं चाललेलं असतं, दर गुरुवारी फडके रोडला पुस्तक बदलायचं, येताना भाजी घ्यायची. तसं काय, कुठेही होईल. हे म्हणतात, शेवटचा निर्णय तुझा. माझं मन कधी सातारा म्हणतं, कधी नाशिक, कारण तिथे माझी मावसबहीण आहे. ह्यांच्या मनात वाईट काही नाही, सगळं माझ्यासाठीच चाललंय. कोणतं गाव निवडू?
– एक डोंबिवलीकर

डोंबिवलीच्या ताई,

पत्र तीनदा वाचलं. पाच गावांची तुलना मी दुसऱ्या वाचनातच सोडून दिली. एका वाक्यापाशी मात्र तिन्ही वेळा थांबले. ‘गाडी हे चालवतातच, त्यामुळे तो प्रश्न नाही.’

अहो, प्रश्न तोच आहे.

डोंबिवलीत ‘गाडी’ म्हणजे लोकल. गाडी लेट आहे, गाडी चुकली, पुढची पकडते. ३१ वर्षं तुम्ही हा शब्द याच अर्थाने वापरलात. ती गाडी तुम्ही पकडत होता. पोर तापाने फणफणलेलं असताना पकडली असेल, पावसात रुळांवर पाणी असताना पकडली असेल, पायाला प्लास्टर असतानाही कुणाच्या तरी आधाराने चढला असाल. उतरायला वाट करून घेतलीत, चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून भाजी निवडलीत. कुणाला विचारायला लागलं नाही की आज मला व्हीटीला नेता का. आणि निवृत्तीनंतर काही महिन्यांत ‘गाडी’ हा शब्द तुमच्या पत्रात आला तो असा, की ती चालवणार दुसरं कुणीतरी आणि तुम्ही शेजारी बसणार. हे तुमच्या लक्षातही आलं नाही याचा मला राग आला. राग तुमचाच आला, त्यांचा नाही. त्यांच्या चांगुलपणाविषयी तुम्ही लिहिलंत, मी मान्य करते आणि तो विषय बाजूला ठेवते. चांगल्या माणसाने काळजीपूर्वक केलेल्या कोष्टकात चौदा रकाने आहेत आणि ‘हिला एकटीला घराबाहेर कसं पडता येईल’ हा रकाना नाही. तो त्यांना सुचला नसेल. तुम्हाला सुचायला हवा होता.

आता ते यवतेश्वरच्या वरचं घर. त्या रस्त्याने पावसाळ्यात कधी गेलात का? बहुधा घर पाहायला दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्यात गेला असाल, तेव्हा दरी दिसते. आषाढ-श्रावणात तोच घाट धुक्यात बुडतो, भर दुपारी दिवे लावून गाड्या चालवतात. फुलांच्या दिवसांत कासला जाणाऱ्या गाड्यांची रांगही त्याच रस्त्याला लागते. ज्यांना समोरच्या दिव्यांचा त्रास होतो त्यांनी हा घाट रोज उतरायचा आणि चढायचा, असा तुमचा बेत आहे. डिसेंबरात सव्वासहा-साडेसहाला अंधारतं. म्हणजे हिवाळ्यात सहानंतर आणि पावसाळ्यात जवळजवळ दिवसभर त्या घरातून कुणीच कुठे जाणार नाही. हे आजचं झालं, त्यांचं वय ६३ असतानाचं. ७३ला काय?

हे मी हवेत बोलत नाही. माझ्या वडिलांनी निवृत्तीनंतर एका तालुक्याच्या गावाबाहेर घर बांधलं. आंबा, चिकू, विहीर, सगळं होतं. आई तोवर पेठेत राहिलेली बाई. दिवसातून चार वेळा जिना उतरायची, कोथिंबिरीच्या एका जुडीसाठीसुद्धा जायची आणि अर्धा तास बोलून यायची. नव्या घरात तिने पहिल्या वर्षी तक्रार केली नाही. तुम्हीही करणार नाही. तिने कामं साठवायला सुरुवात केली. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या जागेत पेन्सिलने लिहायची: फॉलचा दोरा, आकाशी. कुकरची रिंग. चष्म्याची काडी. लीलाकडे जाऊन येणे. वडिलांना वेळ झाला की त्यातली दोन कामं व्हायची, उरलेली पुढच्या पानावर जायची. वडिलांची अँजिओप्लास्टी झाल्यावर गाडी सहा महिने बंद राहिली. तेव्हा आई फाटकाशी उभी राहून रस्त्याने जाणाऱ्या मुलांना विचारायची, ‘बाळा, गावात चाललायस का रे?’ शाळेत अठ्ठावीस वर्षं मुख्याध्यापिका होती ती. ती गेल्यावर ती कॅलेंडरं मी आवरली. ‘लीलाकडे जाऊन येणे’ हे सलग अकरा महिन्यांच्या पानांवर होतं.

म्हणून तुमच्या पत्रातला दुसरा शब्द मला खटकला, ‘तसं काय, कुठेही होईल.’ गुरुवारी पुस्तक बदलायचं आणि येताना भाजी घ्यायची, हे कुठेही होत नाही ताई. त्यासाठी वाचनालय चालत जाण्याच्या अंतरावर लागतं, भाजीवाली वाटेत बसावी लागते, पायाखाली फूटपाथ किंवा निदान चालता येईल असा रस्ता लागतो, वाटेत ओळखीचं कुणी भेटावं लागतं. डोंबिवलीने तुम्हाला ते इतकं सहज दिलं की तुम्ही ते मोजलंच नाही. गर्दीला कंटाळलात हे खरं, मला पटतं. पण त्या गर्दीतच तुमचं सगळं पायी उरकत होतं.

तुमच्या यादीतल्या पाचपैकी चार गावांतली वाचनालयं तुम्ही जन्मायच्या शंभराहून जास्त वर्षं आधीची आहेत. रत्नागिरीचं १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं, साताऱ्याचं नगर वाचनालय १८५२चं. चारही गावं मुळात चालत फिरणाऱ्या माणसांसाठी वसलेली आहेत. पेठा, देऊळ, मंडई, वाचनालय, सगळं हाकेच्या अंतरावर. गंमत अशी की निवृत्त माणसं त्या गावांत जातात ती गावात राहायला नाही, गावाबाहेरच्या प्लॉटवर. मग गावाचं नाव पत्त्यात राहतं आणि माणूस डांबरी रस्त्याच्या कडेला.

दापोली यादीतून काढा. हवा उत्तम, कृषी विद्यापीठामुळे गावाला एक शिस्त आहे, सगळं खरं. पण तिथे रेल्वे नाही, स्टेशन खेडला, सुमारे तीस किलोमीटरवर. मुलगा पुण्यात आणि तुम्ही तिथे, प्रत्येक फेरी घाटातून. रत्नागिरीला कोकण रेल्वे आहे, पण स्टेशन शहराबाहेर आणि पावसाळ्यात गाड्यांचं वेळापत्रक वेगळं, संथ. तिथला पाऊस चार महिने अंगावर घेण्याची सवय जन्मापासून असावी लागते. कोल्हापूर मला स्वतःला फार आवडतं. माणसं बोलकी, बाजार भरलेला, केएमटीच्या बस आहेत. मात्र घर बघताना २०१९ आणि २०२१ला पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते त्या गल्लीतल्या किराणावाल्याला विचारा, एजंटला नको. नाशिकची मावसबहीण हे कारण मी मुळीच हलकं समजत नाही. पण ती कोणत्या भागात राहते? नाशिक आता पसरलंय. सिटीलिंकच्या बस २०२१पासून सुरू झाल्यात, तरी एका टोकाला तुम्ही आणि दुसऱ्या टोकाला ती असलात, तर सणावारालाच भेटाल. तिच्या घरी तुम्हाला दुपारी तीनला मनात आलं म्हणून जाता येणार असेल, तरच ती कारण आहे.

आता माझं सांगणं, आणि हे एकच आहे.

साताऱ्याला जा. एकट्या. आठ दिवस. जुलैमध्ये.

घाटावरच्या त्या घराकडे फिरकू नका. राजवाडा ते पोवई नाका या पट्ट्यात, म्हणजे खऱ्या गावात, आठ दिवसांसाठी खोली घ्या. लॉज घ्या, नाहीतर कुणाची घरगुती सोय असेल तर ती. कल्याणहून कोयना एक्स्प्रेस पकडा. साताऱ्याचं स्टेशन गावात नाही, माहुलीच्या बाजूला आहे, त्यामुळे उतरल्यापासूनच कळेल की हे गाव एकट्या बाईला आत कसं घेतं. रिक्षावाला काय भाव सांगतो, स्टँडकडे जाणारी बस कुठे उभी राहते, बॅग घेऊन चढताना कुणी हात देतं का.

आणि मग राहा. पाहुणीसारखं नाही. सकाळी दूध आणा. भाजी घ्या. राजपथावरून एका बाजूला जा आणि खालच्या रस्त्याने परत या. सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आहे, तुमचे गुडघे काय म्हणतात ते दुसऱ्याच दिवशी समजेल. बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या. डॉक्टरकडे जाऊन रक्तदाब तपासून घ्या, काही झालेलं नसलं तरी. गुरुवारी वाचनालयात जा आणि बाहेरगावच्या माणसाला सभासद कसं होता येतं ते विचारा. एखाद्या दिवशी संध्याकाळी मुद्दाम बाहेर पडा आणि साडेआठला, पाऊस पडत असताना, खोलीवर परत या. एक दिवस एसटीने वाईला जाऊन या. मार्च २०२३पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, स्टँडवर बायकांची ये-जा वाढलीय, तुम्हाला तुमच्या डब्याची आठवण येईल. या आठ दिवसांत कुणाच्याही गाडीत बसायचं नाही. ओळखीच्या कुणी ‘सोडतो की’ म्हटलं तरी नाही.

रोज रात्री वहीत एवढंच लिहा: आज काय करायचं होतं, आणि त्यातलं काय राहिलं. राहिलेल्या कामांची यादी वाढत गेली तर सातारा तुमचं गाव नाही, ऑगस्टमध्ये हेच कोल्हापूरला करा, मग नाशिकला. यादी रोज रिकामी होत गेली, चौथ्या-पाचव्या दिवशी भाजीवालीने स्वतःहून ‘आज मेथी चांगली आहे’ म्हटलं, तर सातारा. पण गावातला, पेठेतला सातारा. तिथे दोन खोल्यांचा फ्लॅट मिळेल, दरी मिळणार नाही. दरी बघायला रविवारी जा.

तुम्ही विचाराल, मी स्कूटर शिकले तर? जरूर शिका, मला आनंदच होईल. पण वयाच्या ५८व्या वर्षी शिकलेल्या स्कूटरच्या भरवशावर घाटावरचं घर घेऊ नका. स्कूटर हौसेसाठी असू दे. घर पायांच्या हिशेबाने घ्या.

एक गोष्ट यात सोडू नका. ३१ वर्षांच्या तुमच्या पगाराचे हप्ते त्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये गेले असतील आणि कागदावर बहुधा तुमचंही नाव असेल. हे आठ दिवस होईपर्यंत विक्रीच्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही. टोकनसुद्धा घ्यायचं नाही. घाटावरच्या घराचा मालक ‘दुसरं गिऱ्हाईक आहे’ म्हणेल. असू दे.

ह्यांना पत्र दाखवायचं तर दाखवा. ते दुखावले तरी चालेल. ‘शेवटचा निर्णय तुझा’ हे त्यांचंच वाक्य आहे, तुम्ही ते खरं धरून निघालात इतकंच सांगा. ते ‘मीही येतो सोबत’ म्हणतील. नको म्हणा. ते आले की गाडी येईल.

त्यांच्या जेवणाची चिंता करत बसू नका. डोंबिवलीत पोळीभाजी केंद्रं कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत, तुमच्या घरापासून सर्वांत जवळचं कुठलं ते त्यांना एकदा चालत नेऊन दाखवा आणि गुरुवारी पुस्तक बदलायची तारीख पुढे ढकलून घ्या.

– तुमची ताई