आधी शो, मग पाळणे

सुट्ट्या जवळ आल्या की माझ्याकडे येणारे प्रश्न ठरलेले असतात: कोणती राइड भारी, कोणत्या राइडमध्ये उलटी होते, तिकीट किती. सोलापुरातून सहली न्यायला लागून मला 14 वर्षं झाली, आणि या वेळी पहिल्यांदाच बरीच पत्रं राइडबद्दल नाहीत, शो आणि परेडबद्दल आहेत. मला बरं वाटलं. आपलं गाव महामार्ग 65 वर असं बसलंय की पश्चिमेला पुणं गाठून पुढे घाट उतरला की खोपोलीचं इमॅजिका, आणि पूर्वेला तोच रस्ता धरून हैदराबाद ओलांडलं की रामोजी फिल्म सिटी. त्यामुळे बहुतेक प्रश्न या दोन ठिकाणांचेच आहेत.

प्रश्न: आम्ही नवराबायको आणि 8 व 12 वर्षांची दोन मुलं पहिल्यांदाच खोपोलीला जातोय. एकच दिवस आहे. तिकीट काही स्वस्त नाही, मग शो बघत बसण्यात वेळ घालवावा का? मुलांना फक्त राइड्स हव्यात. (जुळे सोलापूर)

मुलांना राइड्स हव्यात, कारण त्यांनी जाहिरातीत राइड्सच बघितल्यात. माझ्या सुरुवातीच्या एका सहलीत मीही तोच हिशोब केला होता. पार्क कुठलं ते सोडा. चाळीस जणांना घेऊन एका मोठ्या झुल्याच्या रांगेत सव्वा तास उभी राहिले. राइड झाली तीन मिनिटांची. बाहेर आलो तर परेडचा शेवटचा चित्ररथ वळणावरून आत शिरत होता, आणि रस्त्यावर एक माणूस चंदेरी कागदाचे तुकडे झाडत होता. आमच्या मुलांनी ते तुकडे गोळा करून खिशात घातले. परतीच्या बसमध्ये दुसऱ्या शाळेच्या मुलांनी काय काय बघितलं याचीच चर्चा होती. चूक माझीच होती, कारण गेटवर वेळापत्रक मिळत होतं आणि मी ते पर्समध्ये घडी करून ठेवलं होतं.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला. आत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे त्या दिवसाच्या शोच्या वेळा बघायच्या. वेळा वारावर आणि हंगामावर बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षी गेलेल्या मेहुण्याचं ऐकू नका. दोन शो आणि एक परेड पक्की करा. मग उरलेल्या फटींत राइड्स बसवा. सकाळी गेट उघडल्यावरचा तास-दीड तास रांगा लहान असतात, तेव्हा मोठे पाळणे उरकून घ्यायचे. दुपारी एक ते चार या वेळेत छपराखालचे शो बघायचे. आपण उन्हाला घाबरणारे नाही, पण खोपोलीचं ऊन घामाचं असतं, त्यात माणूस लवकर गळतो. नाट्यगृहासारखा बंदिस्त शो असेल तर अर्धा तास आधी पोहोचा. शो सुरू झाला की बऱ्याच ठिकाणी दार बंद करतात, मग कितीही गयावया केली तरी उघडत नाहीत.

परेडच्या वेळी राइड्सच्या रांगा ओसरतात हे कुणीतरी तुम्हाला सांगेलच, आणि ते खरंही आहे. दुसऱ्यांदा जाल तेव्हा त्याचा फायदा घ्या.

आणखी एक. रात्रभर गाडी हाकून सकाळी थेट गेटवर उभं राहण्याची आपल्याकडे फार हौस आहे. पुण्यापर्यंतच 250 किलोमीटर, त्यापुढे घाट. अशा घरातली मुलं संध्याकाळी परेडच्या वेळी बापाच्या खांद्यावर झोपलेली मी डझनांनी बघितलीत. आदल्या रात्री पुण्यात किंवा लोणावळ्यात मुक्काम करा. खोलीचं भाडं जड वाटत असेल तर परेड न बघता परतलेल्या तिकिटाचा भाव काढून बघा.

प्रश्न: सासूबाई 70 वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात. त्यांना परेड बघायची फार इच्छा आहे. कुठे उभं करावं? (बाळीवेस)

बाळीवेशीत राहून हा प्रश्न मला विचारता? सासूबाईंनाच विचारा. सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते पेलत 68 लिंगांची प्रदक्षिणा करतात, तेव्हा त्या कुठे थांबतात? मिरवणुकीमागे नक्कीच पळत नसणार. एखाद्या वळणावर, ओळखीच्या ओट्यावर, तासभर आधी जागा धरून बसत असणार. इथेही तेच करायचं.

वळण का, तर सरळ रस्त्यावर चित्ररथ तुमच्यासमोरून बाजूने निघून जातो. वळणाच्या बाहेरच्या कडेला बसलात तर तो आधी समोरून तुमच्याकडे येतो, मग वळतो, मग त्याची पाठ दिसते. तेवढ्याच वेळात तिप्पट बघायला मिळतं. परेड कुठून निघते आणि कुठे संपते ते कर्मचाऱ्याला विचारून घ्या. गर्दी बहुतेक मुख्य चौकात होते, शेवटच्या टप्प्यात मोकळं असतं, आणि कलाकार तिथेही तितकंच नाचतात. संध्याकाळची परेड असेल तर सूर्य आपल्या पाठीशी राहील अशी बाजू धरा, नाहीतर सासूबाई पूर्ण वेळ डोळ्यांवर पदर धरून बसतील.

मोठ्या पार्कात चाकाची खुर्ची मिळते, ती गेटवरच घ्या. दुपारनंतर मागायला गेलात तर शिल्लक नसते. खुर्चीवाल्यांसाठी परेडच्या कडेला वेगळी जागा ठेवली आहे का तेही विचारा. आणि खुर्चीत बसायला त्यांना लाज वाटेल, तर सांगा की दिवसभर सात-आठ किलोमीटर चालणं होतं. ऐकून गुडघेच लाज सोडतील.

जाता जाता एक सांगते. एका सहलीत आमच्यातल्या एक काकू, वय पंच्याहत्तरच्या पुढे, पहिला चित्ररथ वळणावर दिसला आणि सवयीने खणखणीत ओरडल्या, “एकदा भक्तलिंग हर्र...” आमची अख्खी बस उत्तरली, “बोला हर्र!” बाजूचं मुंबईचं कुटुंब दोन पावलं सरकलं. चित्ररथावरच्या मुलीने मात्र वाकून काकूंना नमस्कार केला.

प्रश्न: मी मंडळात लेझीम खेळतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत पुढच्या मंडळाचा डीजे आणि मागच्यांची हलगी एकमेकांत मिसळली की आमचा ताल जातो. परदेशातल्या परेडच्या व्हिडिओत दहा-बारा चित्ररथ एकामागोमाग येतात, प्रत्येकाचं गाणं वेगळं, तरी गोंगाट होत नाही. हे कसं जमवतात? (साखर पेठ)

इतकी वर्षं हे सदर लिहितेय, एवढा चांगला प्रश्न आला नव्हता.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडचं. ते पार्क 1955 च्या 17 जुलैला उघडलं, आणि पहिल्याच दिवशी तिथे परेड निघाली. पण तुम्ही म्हणता ती करामत दिसली 17 जून 1972 पासून, ‘मेन स्ट्रीट इलेक्ट्रिकल परेड’मध्ये. अंधारात दिव्यांनी मढवलेले चित्ररथ. त्यांनी एक मूळ धून धरली आणि प्रत्येक चित्ररथाचं गाणं तिच्यावर बसवलं: लय तीच, सूर जुळणारे. त्यामुळे पुढच्या रथाचं गाणं विरत असताना मागच्याचं कानावर आलं तरी दोन्ही एकाच ठेक्यावर असतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर दहा मंडळं, दहा खेळ, पण हलगी एकच.

दुसरी गोष्ट आवाजाची. अशा परेडमध्ये रस्त्याच्या कडेचे स्पीकर टप्प्याटप्प्यांत विभागलेले असतात. रथ ज्या टप्प्यात शिरतो तिथल्या स्पीकरवर त्याचं गाणं येतं, पुढे सरकला की गाणंही त्याच्याबरोबर सरकतं. म्हणजे रथावर भिंतीएवढा डीजे लादायची गरजच नाही. आपल्याकडे प्रत्येक मंडळ दुसऱ्याचा आवाज बुडवायला निघतं. असो, तो विषय काढला तर गणपतीत मला घराबाहेर पडता येणार नाही.

तुम्ही स्वतः खेळता म्हणून एक सुचवते. परेड बघताना पहिल्या रांगेतल्या देखण्या चेहऱ्यांऐवजी शेवटच्या रांगेचे पाय बघा. कोण मोजतंय, कोण चुकून सावरतंय, दोन रथांतलं अंतर वाढलं तर मधले नाचणारे ते कसं भरून काढतात, हे तुम्हाला दिसेल, इतरांना नाही. एकदा माझ्या अगदी समोर एका नर्तकीच्या बुटाचा पट्टा तुटला. तिने गिरकी घेता घेता बूट काढला, हातात धरला, आणि पुढचा सगळा नाच त्या बुटालाच जोडीदार केल्यासारखा केला. लोकांना वाटलं तसंच बसवलंय. टाळ्या सगळ्यात जास्त तिलाच पडल्या.

प्रश्न: मुलगी तीन वर्षांची आहे. मॉलमध्ये मोठं अस्वल बघून किंचाळली होती. पार्कात असे मुखवटेवाले किती असतात? (होटगी रोड)

भरपूर असतात. इमॅजिकाचा तर टबी नावाचा हत्तीच आहे. या वयात हे भय अगदी नेहमीचं, त्यात तिचा काही दोष नाही. चित्रातला हत्ती हाताएवढा असतो आणि इथे अचानक बाबापेक्षा मोठा हलतो, बोलत तर नाहीच.

आधी घरी फोटो दाखवा. पार्कात पहिल्यांदा लांबून, पंधरा-वीस पावलांवरून नुसता हात हलवू द्या. टबीने उलट हात हलवला की अर्धं काम झालं. तिला उचलून त्याच्या अंगावर द्यायचं आणि “अगं काही नाही करत, हस ना” म्हणत फोटो काढायचा, हा प्रकार करू नका. पार्कातली बरीचशी रडारड मी याच कारणाने बघितलीय. आतल्या माणसाला मुखवट्यातून अगदी थोडं दिसतं, खाली उभं असलेलं मूल दिसतच नाही, म्हणून जायचं ते समोरून. आत उकडतंही भयंकर, ते थोड्या वेळाने आत निघून गेले तर रागावू नका. परेडमध्ये तिला कडेला न बसवता तिसऱ्या-चौथ्या ओळीत कडेवर घ्या, आणि स्पीकरपासून दूर.

प्रश्न: आम्ही रामोजीला जाणार. घरी तेलुगू बोलतो, पण मुलांना ती समजते तेवढीच, वाचता येत नाही. शो कळतील का? (अक्कलकोट रोड)

पूर्व भागातल्या माणसाने ही काळजी करू नये. नाच, मारामारी आणि घोडे यांना भाषा लागत नाही. जिथे निवेदन असतं तिथे हिंदीवर भागतं.

काळजी करायची ती अंतराची. 1996 साली उभं राहिलेलं हे जगातलं सगळ्यात मोठं चित्रपटनगर म्हणून गिनीजमध्ये नोंदलेलं आहे, आणि आतला बराच वेळ बसमधून सेट बघण्यात जातो. शिवाय ते हैदराबादच्या पलीकडे, विजयवाड्याच्या बाजूला आहे. सोलापूरहून 300 किलोमीटर धरून निघालेली मंडळी शहर ओलांडण्यात अडकतात आणि सकाळचा स्वागताचा नाचगाण्याचा कार्यक्रम हमखास चुकवतात. मला तो तिथला सगळ्यात खुला, हसरा कार्यक्रम वाटतो. मुक्काम हयातनगरच्या बाजूला ठेवा. आत गेल्यावर वाइल्ड वेस्ट स्टंट शोची वेळ आधी बघून घ्या, त्यात गोळीबाराचे आवाज मोठे असतात एवढं धाकट्याला सांगून ठेवा. कार्निव्हल परेड सणासुदीच्या आणि हिवाळ्याच्या महोत्सवात असते, रोज नसते. तीच बघायची असेल तर तारखा बघूनच बुकिंग करा.

प्रश्न: कंपनीतर्फे सिंगापूरला जातोय. युनिव्हर्सल स्टुडिओत ‘वॉटरवर्ल्ड’ शो पहिल्या रांगेतून बघावा का? (विजापूर रोड)

भिजायचं असेल तर जरूर बघा. तिथे पुढची आसनं भिजण्यासाठीच राखलेली आहेत आणि कलाकार शो सुरू होण्याआधीपासून बादल्या घेऊन तयार असतात. आगीचा आणि विमानाचा प्रसंग मागच्या मधल्या रांगांतून जास्त चांगला दिसतो. पासपोर्ट खिशात ठेवून पुढे बसू नका.

प्रश्न: सगळी परेड रेकॉर्ड करायची आहे. कोणता मोबाईल स्टँड नेऊ? (सात रस्ता)

स्टँड बऱ्याच ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, आणि उंच धरलेला मोबाईल मागच्या मुलाच्या तोंडासमोर येतो. पहिले दोन चित्ररथ रेकॉर्ड करा, मग फोन खाली. कलाकार डोळ्यांत बघून हात हलवतात, काचेकडे बघून नाही.

प्रश्न: जुलैमध्ये गेलो तर पावसात परेड होते का? (दमाणी नगर)

भुरभुर असेल तर होते, जोरात आला तर लांबते, छोटी होते किंवा रद्द होते. घाटाखालचा पाऊस आपल्या सवयीचा नाही. छत्री नको, मागच्यांना दिसत नाही, रेनकोट न्या. आणि त्या दिवशी छपराखालचे शो आधी धरा.

प्रश्न: परेड संपली की लगेच सुटावं का? रात्री सोलापूरला परतायचंय. (शेळगी)

लगेच सुटलात तर सगळं पार्क तुमच्याबरोबर सुटेल आणि पाऊण तास पार्किंगमध्येच जाईल. अर्धा तास तिथेच बसा. मुलांना ज्या कलाकारांनी हात दाखवला त्यांच्याबद्दल बोलू द्या, चहा घ्या, बाथरूमच्या रांगा मोकळ्या होऊ द्या. ड्रायव्हरदादांनी दुपारी गाडीत झोप काढली का तेवढं नक्की विचारा. बाहेरचं खाणं बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत, म्हणून कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा डबा सकाळपासून गाडीतच असेल. तो एक्स्प्रेस-वेला लागण्याआधी उघडा. नंतर चटणीचा वास सुटला की कुणी झोपत नाही.