फॉर्म तुम्ही भरलात, एसएसबीला कोण जाणार?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बारावीत, दहावीला ८९ टक्के, गणित चांगलं, चारचौघांत बोलायला कचरतो. अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत कॅडेट पदवीलाच सिस्टिम्स इंजिनिअरिंग शिकतात, असा एक व्हिडिओ त्याने पाहिला आणि जेवताना तुम्हाला सांगितलं. त्या रात्रीच तुमचा बेत पक्का झाला. इथल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, म्हणजे एनडीएतून, फुकटात इंजिनिअरिंग, पाच-सात वर्षं नोकरी, मग मोठ्या आयटी कंपनीत 'सिस्टिम इंजिनिअर'.

मार्कांची मला काळजी नाही. काळजी वाटली ती पत्रातल्या 'आम्ही'ची. 'आम्ही ठरवलं', 'आम्ही एनडीएचा फॉर्म भरला', 'आम्ही पहाटे पाचला पळायला उठवतो'. मुलाचा उल्लेख एकाच वाक्यात येतो: 'तो काही बोलत नाही, म्हणजे तयारच आहे.' गप्प बसणं म्हणजे होकार, हा हिशोब वधूवरांच्या बाबतीतही आता कुणी धरत नाही हो!

पुढे तुम्ही लिहिता, की 'सैन्यात का यायचंय' याचं उत्तर त्याच्याकडून पाठ करून घेतलंय. एसएसबी म्हणजे सैन्याचे अधिकारी निवडणारं मंडळ, त्याची निवडप्रक्रिया पाच दिवस चालते. त्यातल्या एका चाचणीत शब्द दाखवतात, एकामागून एक ६०, आणि प्रत्येकासाठी १५ सेकंद. पाठांतर आठवायलाही तेवढा वेळ पुरत नाही. त्यानंतर एक कोरा कागद येतो. आईवडील, शिक्षक, मित्र आपल्याबद्दल काय म्हणतात आणि आपल्याला स्वतःबद्दल काय वाटतं, ते १५ मिनिटांत लिहायचं. तुमचा मुलगा 'आईवडील'च्या पुढे काय लिहील, याचा अंदाज आहे तुम्हाला? आणि 'स्वतः'च्या पुढे?

आता 'फुकट' या शब्दाकडे येऊ. एनडीएत दाखल होताना मुलाबरोबर पालकांनाही बंधपत्रावर सही करावी लागते. मुलाने आपणहून मधेच सोडलं, तर प्रशिक्षणाचा खर्च परत मागता येतो. पुढे मिळतं ते कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची अधिकारीपदाची नेमणूक. तिथून राजीनामा द्यायचा तर मंजुरी लागते, आणि पेन्शनसाठी किमान २० वर्षांची सेवा लागते. पाच-सात वर्षांनी बाहेर पडण्याचा हिशोब करून इथे शिरणं म्हणजे घटस्फोटाची तारीख ठरवून लग्नाचा हॉल बुक करणं. शिवाय पसंतीक्रमात तुम्ही लष्कर पहिलं टाकलंय. एनडीएतून लष्करात जाणाऱ्या कॅडेटला बीएस्सी किंवा बीए मिळते. बीटेक आहे ती नौदल आणि हवाई दलाच्या कॅडेटसाठी. ज्या पदवीसाठी एवढा खटाटोप, तीच या पसंतीत नाही! फॉर्म भरताना मुलाला शेजारी बसवलं असतंत, तर कदाचित त्यानेच सांगितलं असतं.

इंजिनिअरिंगच हवं असेल तर नौदलाची केरळमधल्या एझिमला येथील अकादमी आणि लष्कराची टीईएस (बारावीनंतरची तांत्रिक प्रवेश योजना), दोन्हींसाठी जेईई मेन आणि नंतर एसएसबी. वेस्ट पॉइंटसाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, परदेशी कॅडेट आपापल्या सरकारमार्फत जातात. तो विषय सोडून द्या.

तुमचा खरा घोळ वेगळाच आहे. आयटी कंपन्यांत नव्याने रुजू होणाऱ्या पोरांना 'सिस्टिम इंजिनिअर' हे पद देतात, त्याचा आणि सिस्टिम्स इंजिनिअरिंगचा संबंध नावापुरता. हे शास्त्र कॉम्प्युटरपुरतं नाही. पाणबुडीचं उदाहरण घ्या. सोनार, म्हणजे आवाजाने पाण्याखालचा वेध घेणारं यंत्र, बसवणाऱ्याला जागा हवी, बॅटरीवाल्याला वजन हवं, खलाशांना हवा आणि जेवण हवं. प्रत्येकाचं म्हणणं बरोबर, आणि सगळ्यांचं ऐकलं तर पाणबुडी वर येणार नाही. स्पेनच्या एस-८० पाणबुडीचं असंच झालं. वजन जास्त भरतंय हे २०१३ मध्ये उघड झालं, म्हणून ती सुमारे १० मीटरने लांबवली. मग २०१८ मध्ये बातमी आली, की आता ती कार्तागेना बंदरातल्या गोदीत मावत नाही. एकेक भाग करणारे हुशारच होते. भाग एकमेकांना कुठे भिडतात, एक बदलला की दुसऱ्याचं काय होतं, हे आधीपासून मांडणं म्हणजे सिस्टिम्स इंजिनिअरिंग. सैन्याला ते शिकवावंसं वाटतं ते यामुळेच.

आता तुमच्या पत्रातली तक्रार. 'अभ्यास सोडून सोसायटीच्या टाकीचं टिपण काढत बसतो.' तुम्हीच लिहिलंय, की त्याने दोन महिने वहीत पंप कधी लागतो, वरची टाकी किती वाजता भरून वाहते, कोणत्या विंगचा व्हॉल्व्ह कधी उघडतो हे टिपलं. नवा पंप नको, दोन विंगच्या वेळा बदला, असं तो सेक्रेटरींना सांगून आला, आणि तुम्हाला लाज वाटली. अहो, हेच ते! व्हिडिओ पाहून त्याचे डोळे का चमकले, त्याचं उत्तर त्या वहीत आहे. त्याला गणवेश भावला की ही विद्या, हे मला माहीत नाही. तुम्हालाही नाही, कारण तुम्ही विचारलंच नाहीत.

विद्या भावली असेल, तर मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स अशा एखाद्या मूळ शाखेतून पदवी घेऊन पुढे एमटेकला तिकडे वळता येतं. आयआयटी मुंबईत सिस्टिम्स अँड कंट्रोल इंजिनिअरिंग आहे. गणवेश भावला असेल, तर पहाटे पाचला तो स्वतः उठेल. तुमचा गजर बंद करून आठवडाभर बघा.

आणि अडचण फीची असेल, तर त्याला स्पष्ट सांगा, त्यात कमीपणा नाही. एमएचटी-सीईटी देऊन शासकीय कॉलेज गाठता येतं, आणि घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर शाहू महाराज शिष्यवृत्तीत शिक्षण शुल्काची सवलतही बसते. बापाची आर्थिक ओढाताण देशसेवेच्या नावाने पोराच्या खांद्यावर ठेवलेली मला पटत नाही.

पुढचं पत्र त्याला लिहू द्या. सोबत वहीची दोन पानं जोडायला सांगा. आणि पाकीट बंद करायच्या आधी ते वाचू नका.