काटा मधोमध आणि आकडा १०४: गाडी खरंच गरम होतेय का?

प्रश्न: मी जुळे सोलापुरात राहतो. दिवाळीत ब्रिटिश बनावटीची, पाच लिटर व्ही-८ इंजिनाची सुपरचार्ज्ड एसयूव्ही सेकंडहॅन्ड घेतली. हल्ली ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) लावून कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं तापमान बघतो आणि झोप उडाली आहे. मोहोळच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर ९० ते ९३, तुळजापूरचा घाट चढताना ९८, आणि परवा दुपारी सात रस्त्याला गर्दीत एसी चालू ठेवून थांबलो तर १०४! डॅशबोर्डवरचा काटा मात्र जागचा हलत नाही. ओळखीचे फिटर म्हणतात, आपल्या हवेत थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह लागतच नाही, काढून टाका. काढू का?

उत्तर: काढू नका. आधी हे सांगतो, कारण पत्र पोचेपर्यंत तुम्ही गाडी गॅरेजला नेलेली नसावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तुम्ही लिहिलेले सगळे आकडे निरोगी इंजिनाचे आहेत. आकड्यापेक्षा मला त्याची चाल महत्त्वाची वाटते आणि तुमच्या पत्रातली चाल अगदी बरोबर आहे. थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटची रेडिएटरकडे जाणारी वाट उघडणारी-मिटणारी झडप. त्यात मेणाची कुपी असते. कूलंट तापलं की मेण वितळून फुगतं आणि झडप ढकलतं. बहुतेक पेट्रोल इंजिनांत हे ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान सुरू होतं, पण झडप पूर्ण उघडायला आणखी दहा-बारा अंश लागतात. म्हणजे ९२ ला झडप अर्धवट उघडी असते, घाटात जोर पडला की ती आणखी उघडते आणि माथ्यावर रस्ता सपाट झाला की पुन्हा मिटत येते. तुमचं ९८ घाट संपल्यावर खाली आलं असणार. स्कॅनर लावून एकदा तेवढं बघून घ्या.

आता १०४. मे महिन्यात भर दुपारी सात रस्त्याला हवाच ४२-४३ अंश असते. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढे बसवलेला, म्हणजे रेडिएटरला मिळते ती आधीच तापलेली हवा. गाडी उभी, त्यामुळे समोरून वारा नाही. वॉटर पंप इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, तोही आयडलिंगला मंद. पंखा जोर धरेपर्यंत आकडा १०० च्या वर जाणारच. बघायचं ते एवढंच, की पंख्याचा आवाज वाढल्यावर आकडा थांबतो का आणि गाडी चालू लागल्यावर दोन-तीन मिनिटांत पंचाण्णवच्या आसपास येतो का. येत असेल तर काळजी सोडा. गाडी बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू केल्यावर क्षणभर मोठा आकडा दिसला तरी दचकू नका. पंप थांबला तरी लोखंड-ॲल्युमिनियममधली उष्णता कूलंटमध्ये उतरत राहते.

१०० ला पाणी उकळतं ही भीती आपल्या सगळ्यांच्या मनात शाळेपासून बसलेली. गाडीतलं कूलंट मात्र ग्लायकॉल आणि पाण्याचं मिश्रण असतं आणि कुकरसारखं दाबाखाली बंद असतं. निम्मं-निम्मं मिश्रण उघड्यावरही १०७ च्या आसपास उकळतं. कूलंटच्या टाकीच्या झाकणाचा दाब धरला की उकळबिंदू १२५ च्या पुढे जातो. म्हणून झाकण धड असणं फार गरजेचं आहे. रबर चिरलेलं स्वस्तातलं झाकण बसवलं, तर हाच १०४ चा आकडा खरोखरच धोक्याचा ठरेल.

काट्याबद्दल: तो मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. साधारण ८० ते ११० च्या दरम्यान काहीही असलं तरी तो मधोमध राहावा अशी सोय बहुतेक कंपन्या करतात, नेमकी मर्यादा गाडीगणिक बदलते. काटा हलताना दिसला, तर तेव्हा वेळ हातात थोडाच उरलेला असतो. म्हणून तुम्ही स्कॅनर लावलात हे मला फार आवडलं.

थर्मोस्टॅट काढला तर काय होतं? अनेक इंजिनांत ही झडप दुहेरी असते. ती रेडिएटरची वाट उघडते आणि त्याच वेळी बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट बंद करते. झडपच नसली तर बरंचसं कूलंट रेडिएटरला वळसा घालून थेट इंजिनात परततं, आणि थंड राहावी म्हणून उघडी केलेली गाडी घाटात उलट तापते. थर्मोस्टॅट काढायची पद्धत जुन्या ट्रक-जीपच्या काळातली आहे. आमच्या धंद्यातल्या जाणत्या लोकांनीही ती आता सोडायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

तुमच्या गाडीत मी लक्ष ठेवीन ते सुपरचार्जरवर. तो पट्ट्यावर फिरून हवा दाबतो आणि दाबलेली हवा प्रचंड तापते. ती थंड करायला या इंजिनात वेगळा पाण्याचा कूलर, पुढे त्याचा स्वतंत्र रेडिएटर आणि इलेक्ट्रिक पंप आहे. हा पंप गेला तर इंजिनाचं कूलंट ९२ च दाखवत राहतं, पण आत जाणारी हवा तापते आणि संगणक ताकद कापतो. लोक मग पेट्रोलच्या दर्जाला दोष देत बसतात. स्कॅनरवर इनटेक हवेचं तापमानही दिसतं. घाट चढताना ते कूलंटच्या शेजारी ठेवून बघा.

दुसरं, या इंजिनातले कूलंटचे काही पाइप प्लास्टिकचे आहेत, त्यातला एक मागच्या बाजूला सुपरचार्जरखाली दडलेला. उष्णतेने प्लास्टिक ठिसूळ होतं. सेकंडहॅन्ड गाडीत ते बदललेत का हे कागदावर बघा, नसतील तर बदलून घ्या. दर आठवड्याला सकाळी, इंजिन थंड असताना कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. पातळी उतरत असेल तर गळती शोधायचीच, नुसतं वरून ओतत राहायचं नाही. आणि हे विसरू नका: कूलंट निघून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि आकडा चक्क कमी दाखवू शकतो. चढता आकडा एकाएकी कोसळला तर गाडी तिथेच बंद करा.

धावत्या गाडीत ११० च्या वर आकडा टिकून राहिला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू (तो कूलंटच्याच उष्णतेवर चालतो), आणि सावली बघून थांबा. हीटरमधून गार हवा आली तर कूलंट संपलंय असं समजा. तापलेलं झाकण कोणाच्याही सांगण्यावरून उघडू नका. वाफेने भाजलेले हात मी पाहिले आहेत.

प्रश्न: माझ्या पेट्रोल एसयूव्हीचं उलट आहे. बार्शी रोडला कितीही पळवली तरी आकडा ७० च्या वर जात नाही. चेक इंजिनचा दिवा लागतो, कोड पी०१२८ येतो. ॲव्हरेजही उतरलंय. थंड चालतेय म्हणजे चांगलंच ना?

उत्तर: नाही. तुमचा थर्मोस्टॅट बहुधा उघडाच अडकला आहे. कूलंट ठरल्या तापमानाला पोचत नाही, हाच त्या कोडचा अर्थ. इंजिन अजून थंड आहे असं समजून संगणक पेट्रोल जास्त सोडतो. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. ऑइलमधली ओल उडून जात नाही आणि झीज वाढते. थंड प्रदेशात हीटर गार पडला की हा दोष लगेच कळतो. सोलापुरात हीटर लावतो कोण? म्हणून आपल्याकडे तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. थर्मोस्टॅट बदला, आणि बदलताना गाडीच्या पुस्तकात असेल त्याच तापमानाचा घ्या. नंतर सकाळी थंड इंजिनावर स्कॅनर लावून बघा: आकडा सरळ चढेल, झडप उघडताच रेडिएटरमधलं गार कूलंट आत आल्याने दोन-चार अंश खाली येईल आणि मग स्थिरावेल.

प्रश्न: कूलंट कमी झालं तर बोअरचं पाणी चालेल का?

उत्तर: बोअरच्या पाण्याने घरातल्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर वापरा, आणि तेही अडचणीपुरतं. नंतर पुस्तकातल्या जातीचं कूलंट पाण्यात निम्म्या-निम्म्या प्रमाणात मिसळून भरून घ्या. रंग सारखा दिसतो म्हणून दुसऱ्या जातीचं त्यात मिसळू नका. रस्त्यात अगदीच दुसरं काही मिळालं नाही, तर इंजिन थंड झाल्यावर बाटलीबंद पिण्याचं पाणी घाला आणि त्याच आठवड्यात सगळं काढून, फ्लश करून नवीन भरा.