वाचकांचे प्रश्न : ड्रिलचे टोक निळे का पडते?

प्रश्न : आमच्या फॅब्रिकेशनच्या छोट्या वर्कशॉपमध्ये बेंच ड्रिल मशीन बसवले आहे. माइल्ड स्टीलच्या पट्टीत १० मिलिमीटरचे भोक पाडताना ड्रिलचे टोक निळे पडते आणि भोक मापापेक्षा मोठे होते. स्टेनलेस स्टीलमध्ये तर ड्रिल नुसते घासत राहते. ग्राइंडरवर धार लावूनही फरक पडलेला नाही.

उत्तर : प्रथम मशीनचा वीजपुरवठा तोडून वरचे झाकण उघडा आणि बेल्ट कोणत्या पुलीवर आहे ते पाहा, कारण टोक निळे पडते ते बहुतेक वेळा जास्त वेगामुळे. हायस्पीड स्टीलच्या ड्रिलसाठी माइल्ड स्टीलमध्ये कापण्याचा वेग मिनिटाला सुमारे २५ मीटर धरतात. त्याला १००० ने गुणून, ड्रिलचा मिलिमीटरमधील व्यास आणि ३.१४ यांच्या गुणाकाराने भागले की मिनिटाचे फेरे मिळतात. १० मिलिमीटरला ते सुमारे ८०० येतात, ५ मिलिमीटरला १६००. स्टेनलेसला याच्या निम्म्याहूनही कमी वेग हवा. मोटरची सर्वांत लहान आणि स्पिंडलची (ड्रिल फिरवणाऱ्या दांड्याची) सर्वांत मोठी पुली जोडली की वेग सर्वांत कमी मिळतो.

स्टेनलेसमध्ये हलक्या हाताने घासत राहिल्यास पृष्ठभाग कठीण होतो आणि मग चांगले ड्रिलही त्यात शिरत नाही. म्हणून कटिंग ऑइल सोडत, अखंड चिप (धातूची साल) निघेल इतका दाब सतत ठेवावा.

भोक मोठे होण्याचे कारण मला तुमच्या ग्राइंडरवरच दिसते. टोकाचा एकूण कोन ११८ अंश, म्हणजे प्रत्येक धार अक्षाशी ५९ अंशांत हवी, आणि दोन्ही धारांची लांबी सारखी हवी. एक धार लांब राहिली की टोक मध्यावरून सरकते आणि भोक मोठे पडते. हे डोळ्यांनी नव्हे, टोकाचा कोन आणि धारेची लांबी मोजणाऱ्या ड्रिल गेजने तपासावे. चकमध्ये (ड्रिल पकडणाऱ्या जबड्यात) वाकवलेली तार धरून स्पिंडल हाताने फिरवल्यास टेबल काटकोनात आहे की नाही, हेही कळते.

पट्टी हातात धरून भोक पाडणे मात्र आजच बंद करावे. ड्रिल आरपार निघताना धार अडकते आणि पट्टी गर्रकन फिरते. तिथे दाब कमी करावा आणि पट्टी पकडणारा व्हाइस टेबलाला बोल्टने आवळलेला असावा. हातमोजे घालू नयेत, ते ड्रिलमध्ये ओढले जातात.