चिपळूणची गाडी आणि इन्शुरन्सचे तीन भाव

प्रश्न : आमची पेट्रोल हॅचबॅक आहे, 1200 सीसी, या महिन्यात चार वर्षं पूर्ण होतील, आत्तापर्यंत एकही क्लेम नाही. राहायला बाजारपेठेजवळ, त्यामुळे 2021 च्या पुरात काय झालं ते वेगळं सांगायला नको. रिन्यूअलसाठी एजंटने तीन भाव पाठवलेत : नुसती थर्ड पार्टी, मग कॉम्प्रिहेन्सिव्ह, आणि तिसरी झीरो डेप, इंजिन कव्हर असं सगळं घातलेली. मिस्टर म्हणतात थर्ड पार्टी काढून मोकळं हो, पोलिसांना दाखवायला तेवढी बास. काय करू?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, पोलिसांना दाखवायला पुरते हे अगदी खरंय. कायद्याने सक्ती तेवढीच आहे, नसली तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुमच्या सीसीला जून 2022 ला ठरलेला दर 3,416 रुपये, वर जीएसटी, आणि हा दर सरकार ठरवतं त्यामुळे त्यात घासाघीस नाहीच. पण ही पॉलिसी समोरच्यासाठी असते हो. तुमच्या गाडीने कुणाला इजा झाली, कुणी गेलं तर कोर्ट ठरवेल ती भरपाई, आणि कुणाची भिंत किंवा गाडी फोडलीत तर साडेसात लाखांपर्यंत. तुमची गाडी पुरात बुडाली तर शून्य.

कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये स्वतःच्या गाडीचं नुकसान येतं, अपघात, आग, चोरी, पूर, घाटात दरड कोसळली तर तेही. म्हणजे पुरासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही, पण इंजिनचं मात्र तसं नाही. पाण्यात उभी गाडी कुणीतरी घाईत स्टार्टर मारून बघतं, पाणी आत ओढलं जातं, कनेक्टिंग रॉड वाकतो, मग नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर म्हणतो हे पुराने नाही, तुम्ही चालू केल्याने झालं, आणि तो खर्च नाकारला जातो. इंजिन कव्हर याच्यासाठीच. तुमच्या जागी मी बाकी काही कापेन पण हे ठेवेन. आणि कव्हर असलं तरी भिजलेली गाडी चालू करायची नाही, फोटो काढा, कंपनीला कळवा, टोइंग करून न्या, कारण असा स्टार्टर मारलेला काही कंपन्यांच्या इंजिन कव्हरमध्येपण चालत नाही, त्या अटी एजंटकडून लेखी मागा.

झीरो डेप म्हणजे पार्ट जुना झाला म्हणून होणारी घसारा कपात नाही. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात, 8,000 चा बंपर असेल तर 4,000 तुमच्या खिशातून, आणि आजकालच्या गाडीला पुढून बघितलं तर प्लॅस्टिकशिवाय असतं काय! बऱ्याच कंपन्या पाच वर्षांनंतर झीरो डेप सहज देत नाहीत, तेव्हा या वर्षी घ्या, पुढचं पुढे.

आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, तपासा. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्ती आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेली तर याच आकड्यावर हिशोब होतो. प्रीमियम स्वस्त दिसावा म्हणून तो खाली ओढलेला असू शकतो.

आणि मिस्टरांना हे दाखवा : चार वर्षं क्लेम नाही म्हणजे ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागाच्या, प्रीमियमवर 45 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे सूट, बसतो. आता नुसत्या थर्ड पार्टीवर गेलात तर 90 दिवसांनी तो गेला, परत कॉम्प्रिहेन्सिव्हकडे आलात की शून्यापासून सुरुवात, वर गाडीची तपासणी.

प्रश्न : सेकंडहँड गाडी घेतली, जुन्या मालकाचा 50 टक्के बोनस मला मिळेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, तो त्याच्या पुढच्या गाडीला जाईल. तुम्ही 14 दिवसांच्या आत पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्या, आरसीची वाट बघत बसू नका, कारण नाव बदलेपर्यंत तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो.