अंदाज रोज बदलत असताना घराची पूरतयारी : सांगलीच्या तळमजल्यावरील कुटुंबासाठी

नमस्कार.

आपण गेल्या वर्षी बदलीने सांगलीत आलात, गावभागात तळमजल्यावर भाड्याने राहता, आणि घरात जिना चढू न शकणाऱ्या सासूबाई व शाळेत जाणारी दोन मुले आहेत. सोमवारी साताऱ्याच्या घाटमाथ्यासाठी रेड अलर्ट आला, मंगळवारी त्याचा ऑरेंज झाला, काल यलो आणि आज पुन्हा ऑरेंज. शेजारी म्हणतात की एवढ्यात काही होत नाही, गावाकडचे नातेवाईक म्हणतात की आजच निघा. सामान वर न्यायचे की थांबायचे, असा आपला प्रश्न आहे. सांगलीतले २००५, २०१९ आणि २०२१ चे तिन्ही महापूर पाहिलेला मनुष्य म्हणून सविस्तर लिहितो.

माझे मत असे की घराची तयारी हवामानाच्या अंदाजाला बांधूच नये. ती कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीला आणि आपल्या घराच्या उंबरठ्याला बांधावी. अंदाजाचा उपयोग एवढाच की पुढचे दोन-तीन दिवस पातळीवर किती बारकाईने लक्ष ठेवायचे, हे त्यावरून ठरते.

अंदाज बदलतो याचा अर्थ तो चुकला असा नसतो. बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे क्षेत्र पश्चिमेकडे सरकताना थोडे उत्तरेला किंवा दक्षिणेला गेले, तरी सह्याद्रीवरचा मुसळधार पावसाचा पट्टा जागा बदलतो. म्हणून पाचव्या दिवसाचा रंग आज पाहून निर्णय घेऊ नये. आजचा आणि उद्याचा रंग मात्र गांभीर्याने घ्यावा. यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे सज्ज राहा आणि रेड म्हणजे कृती करा, असा या रंगांचा अर्थ आहे. ते पावसाविषयी बोलतात, आपल्या गल्लीतल्या पाण्याविषयी नाही. शिवाय सांगलीकरांनी एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी, ती म्हणजे सांगली जिल्ह्याचा इशारा पाहून आपल्या पुराचा अंदाज येत नाही. सांगली शहरात वर्षाला साधारण सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर. आपल्या दारात येणारे पाणी महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर, पाटण आणि वारणेच्या खोऱ्यात पडलेले असते. सांगलीत लख्ख ऊन पडलेले असताना नदी चढत असल्याचे आपणही पाहाल. म्हणून इशारा पाहायचाच असेल तर साताऱ्याच्या घाट भागाचा पाहावा. हवामान विभाग तो बहुतेक वेळा स्वतंत्रपणे देतो.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे धरणांत किती जागा शिल्लक आहे. कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) आहे. जुलैच्या मध्यावर धरणात साठ टीएमसी पाणी असताना आलेला रेड अलर्ट आणि ऑगस्टमध्ये शंभर टीएमसी साठा असताना आलेला ऑरेंज अलर्ट, यांत आपल्यासाठी दुसरा अधिक काळजीचा आहे, कारण तेव्हा आलेले पाणी अडवून ठेवायला जागाच उरलेली नसते. मुसळधार पावसात कोयनेत एका दिवसात कित्येक टीएमसी आवक होऊ शकते. बातमीत विसर्ग क्युसेकमध्ये (म्हणजे सेकंदाला किती घनफूट) येतो, साठा टीएमसीमध्ये येतो आणि नवख्या माणसाला दोन्हींचा मेळ लागत नाही. त्यासाठी एवढेच लक्षात ठेवावे की सुमारे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालू राहिला की एक टीएमसी पाणी खाली येते. पायथा वीजगृहातून सोडलेल्या २,१०० क्युसेकने घाबरण्याचे कारण नसते. सांडव्याचे वक्र दरवाजे काही फुटांनी उचलल्याची बातमी आली, की मात्र कामाला लागावे. ते पाणी सांगलीत पोहोचायला साधारण एक दिवस लागतो. नदी आधीच भरलेली असेल तर हा वेळ बदलतो, म्हणून त्यावर घट्ट हिशेब करू नये.

मात्र सगळे पाणी धरणातूनच येते, असेही नाही. धरणांच्या खाली पडणाऱ्या पावसाचे पाणी कोणीही अडवत नाही. ते थेट नदीत उतरते. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला आणि दोन-तीन दिवसांत सांगलीत महापूर आला. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर वेगळ्या स्वभावाचा होता. तो चढला, ५७ फुटांच्या वर गेला आणि उतरायला फार दिवस लावले. खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. वारणेलाही पूर असेल तर कृष्णेचे पाणी पुढे सरकायला वाट मिळत नाही आणि फूग, म्हणजे मागे तुंबलेले पाणी, गावात पसरते. कृष्णेवरच्या कर्नाटकातील अलमट्टी धरणामुळे इथे पाणी तुंबते का, हा विषय दरवर्षी निघतो. त्या वादाला घर आवरण्याच्या निर्णयात जागा देऊ नये, कारण पाणी कशामुळे थांबले याचे उत्तर मिळेपर्यंत ते उंबरठ्यावर आलेले असते.

आता आपल्या घराचा आकडा शोधा. हे काम कोरड्या दिवशीच होते, आणि मला विचाराल तर संपूर्ण तयारीतले सर्वांत महत्त्वाचे काम हेच. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे, पण हे आकडे शहरासाठी आहेत. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोडच्या सखल भागात पाणी इशारा पातळीच्या आधीच शिरते. त्याच वेळी पुढच्या चौकात वाहतूक सुरळीत चालू असते. आपल्या गल्लीत दोन-तीन पिढ्या राहिलेल्या आजोबांना किंवा काकूंना विचारा की आयर्विनला किती फूट असताना पाणी कोपऱ्यावर आले, किती असताना आपल्या पायरीला लागले आणि २०१९ ला भिंतीवर कुठपर्यंत चढले. अनेक घरांवर त्या खुणा अजून आहेत. एकाच माणसाच्या सांगण्यावर विसंबू नये, दोघा-तिघांना विचारून सर्वांत कमी आकडा धरावा. घरमालकांना तर हे नक्कीच माहीत असेल. पाणी नेहमी नदीच्या दिशेनेच येते असेही समजू नये. नदी काठावरून उतरून येण्याच्या आधीच ते शहरातून नदीला मिळणाऱ्या शेरी नाल्यातून आणि गटारांतून उलटे चढून सखल गल्ल्यांत येते.

समजा, आपल्या उंबरठ्याचा आकडा ४७ निघाला. मग काय केव्हा करायचे, हे आजच कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा. पाणी चढत असताना घरातली दोन माणसे दोन मते मांडू लागतात आणि त्या वादातच वेळ जातो. आधी शांतपणे ठरवलेला आकडा असला की वाद होत नाही. पातळीबरोबर वेगही पाहावा. नदी ३५ फुटांवर आहे आणि तासाला सहा इंच चढते आहे, तर १२ फूट चढायला २४ तास लागतील. त्यातून रात्रीचे तास वजा करा, कारण अंधारात आणि पावसात सामान हलवणे किंवा वृद्ध माणसाला नेणे धोक्याचे असते. उरलेले तासच खरे आपल्या हातात असतात. पाणी पात्राबाहेर पसरू लागले की चढण्याचा वेग सहसा मंदावतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. सांगलीच्या वरच्या कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी आणि भिलवडी इथल्या पातळ्याही रोज प्रसिद्ध होतात. भिलवडीला पाणी चढत असेल तर सांगलीत आज रात्री उतरणार नाही, एवढे त्यावरून नक्की कळते.

कामांचा क्रम लावताना मी एकच कसोटी वापरतो : जे केल्याने काही बिघडत नाही आणि पूर आला नाही तरी वाया जात नाही, ते अंदाज कोणताही असो, आधीच करून टाकावे. रेशनकार्ड, आधार, भाडेकरार, बँकेची पुस्तके, मुलांचे दाखले, विम्याची कागदपत्रे एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर लटकवा आणि त्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. सासूबाईंची किमान पंधरा दिवसांची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका डब्यात असू द्या. घरातल्या प्रत्येक खोलीचा आणि मोठ्या वस्तूंचा व्हिडिओ काढून ठेवा. पुढे पंचनाम्याच्या आणि विम्याच्या वेळी त्याचा उपयोग होतो. पिण्याचे पाणी भरून ठेवा, कारण महापुरात नदीकाठची पाणी उपसण्याची यंत्रणा बुडते आणि सगळीकडे पाणी असताना नळ कोरडे पडतात. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांशी आजच बोला आणि सामान ठेवायला कोणती जागा मिळेल ते ठरवा. त्या दिवशी त्यांच्याकडे चार घरांचे सामान येणार असते.

दुसरा टप्पा आपल्या उंबरठ्याच्या १२ फूट खाली पातळी आली आणि चढ चालू राहिला की सुरू करावा, म्हणजे वरच्या उदाहरणात ३५ फुटांवर. पहिल्यांदा धान्य हलवा. आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचे गहू-ज्वारी भरून ठेवण्याची पद्धत आहे, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये पिंपे आणि पोती काठोकाठ असतात. टीव्ही शेवटच्या अर्ध्या तासातही उचलता येतो, पन्नास किलोचे पोते तेव्हा उचलले जात नाही. त्यानंतर मुलांची वह्या-पुस्तके, गाद्या, कपाटाचा खालचा कप्पा, पाण्याची मोटर आणि इन्व्हर्टरची बॅटरी. फ्रिज आणि वॉशिंग मशीन वर नेता येत नसतील तर ओट्यावर किंवा भक्कम टेबलावर चढवा, मात्र २०१९ च्या खुणेपेक्षा ती जागा खाली असेल तर हा खटाटोप करून उपयोग नाही. गाडी याच वेळी विश्रामबाग किंवा मिरजेच्या बाजूला ओळखीच्या ठिकाणी लावून यावी.

माणसांविषयी माझे मत ठाम आहे. सासूबाईंना शेवटी हलवायचे नसते, सर्वांत आधी हलवायचे असते. वरच्या मजल्यावर नेऊन बसवणे हा त्यांच्यासाठी पर्याय नाही. खाली पाणी, वीज नाही, नळ नाही आणि रात्री तब्येत बिघडली तर बोटीशिवाय बाहेर काढता येत नाही. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून अनेकांचा जीव गेला, ते या भागातले कोणीही विसरलेले नाही. वरच्या उदाहरणात ३८ फुटांवर पातळी असताना, दिवसाउजेडी आणि रस्ते कोरडे असताना, रिक्षाने त्यांना विश्रामबाग, मिरज किंवा कुपवाडला नातेवाइकांकडे पोहोचवा. चार दिवसांनी पाणी न येताच उतरले, तर त्या पाहुणचार घेऊन परत येतील. त्यात काहीच गमावले नाही. नातेवाईक नसतील तर महापालिकेचे निवारा केंद्र कोणत्या शाळेत असते, ते आजच विचारून ठेवा. उरलेल्या सगळ्यांनी ४२ फुटांवर निघावे. कोल्हापूर आणि ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) यांच्याकडचे रस्ते पाण्याखाली जाऊन बंद होतात, म्हणून गावाकडे जायचे असेल तर तो निर्णय यापेक्षाही आधी घ्यावा लागेल.

निघताना मेन स्विच बंद करावा, आणि तो पायाखाली पाणी येण्याच्या आधी करावा. ओल्या जमिनीवर उभे राहून स्विचबोर्डला हात लावू नये. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावा आणि तो खिडकीच्या गजाला दोरीने बांधा, कारण घरगुती सिलिंडर भरलेला असला तरी पाण्यावर तरंगतो आणि घरभर आपटत फिरतो. संडासाच्या भांड्यात आणि मोरीच्या तोंडावर वाळूची पोती दाबून ठेवा. तळमजल्याच्या घरात पहिले पाणी दारातून न येता तिथूनच येते, आणि ते मैल्याचे असते. १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा आणि ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावा.

शेजारी "एवढ्यात काही नाही" म्हणतात, ते अनुभवातूनच म्हणतात, पण त्यांचा अनुभव त्यांच्या उंबरठ्याचा आहे. २००५ चे पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते. तीच हद्द मानून बसलेल्या अनेक घरांत २०१९ ला त्याहून चार फूट अधिक पाणी शिरले. अफवांपासूनही तितकेच सावध राहावे. धरणाला तडे गेल्याचा, सगळे दरवाजे एकदम उघडल्याचा संदेश दर पुरात फिरतो. पाटबंधारे विभाग, जिल्हा प्रशासन आणि महापालिका यांनी दिलेल्या पातळीशिवाय दुसरा आकडा कागदावर लिहू नये.

पाणी उतरल्यावर घाईने आत शिरू नका. काठीने जागा चाचपत जावे. साप कपाटामागे आणि गाद्यांत दडलेले असतात. सफाईला हात लावण्याआधी पाण्याच्या खुणेसह सर्व खोल्यांचे फोटो काढा, नुकसानीचा पंचनामा होईपर्यंत मोठ्या वस्तू फेकू नका. भाडेकरूंनी घरमालकांशी आधीच बोलून घ्यावे की घराचे नुकसान कोण नोंदवणार आणि सामानाचे कोण. वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नका, बुडालेली गाडी मेकॅनिकने पाहिल्याशिवाय सुरू करू नका, कारण इंजिनात पाणी असताना ती सुरू केली तर दुरुस्तीचा खर्च कित्येक पटींनी वाढतो. चिखलात काम करताना गमबूट आणि हातमोजे घाला. पायाला जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाच्या रोगाची, भीती असते, तेव्हा ताप आला की त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गाळ ओला असेपर्यंतच काढावा, वाळल्यावर तो खरवडायला दुप्पट श्रम पडतात.

आपल्या गल्लीचे नेमके ठिकाण आणि शेजाऱ्यांनी सांगितलेले आकडे कळवलेत, तर वर दिलेले ३५, ३८ आणि ४२ हे टप्पे आपल्या घरासाठी किती पुढे-मागे करावेत ते सांगता येईल.